जुन्या ट्रॅक्टरचे हेड पॅकिंग बदलणे आणि हेड बोल्ट टॉर्कने आवळणे

गळीत हंगाम आटोपला, की कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रॅक्टरची हेडे, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरची जड झाकणे, फेसिंगसाठी (खालचा पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट करण्यासाठी) येऊ लागतात. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढून दमलेल्या इंजिनांची ही दुरुस्ती पावसाळ्याआधी उरकून घ्यायची, असा बहुतेकांचा बेत असतो. या हेडांपैकी काही दरवर्षी परत येतात, ही मात्र विचार करण्याजोगी बाब आहे. हेड आणि त्याखालचा सिलिंडरांचा ब्लॉक यांच्यामध्ये नीट बसवलेले हेड पॅकिंग अनेक हंगाम टिकते. ते वर्षाच्या आत पुन्हा जळाले, तर दोष सहसा पॅकिंगचा नसतो. हेड किंवा ब्लॉक वाकलेला असतो, लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) खाली बसलेला असतो, बोल्टचे आटे मळीने भरलेले असतात किंवा बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळलेले असतात. पॅकिंग ही या सगळ्या साखळीतील सर्वांत स्वस्त वस्तू असल्यामुळे तीच पुन्हा पुन्हा बदलली जाते. पुढील मार्गदर्शन पाण्याने थंड होणाऱ्या, ओतीव लोखंडी हेड असलेल्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरांसाठी आहे. एका सिलिंडरच्या एअरकूल्ड आयशरसारख्या इंजिनात पाण्याच्या वाटाच नसतात, त्यामुळे त्याला यातील निम्मा भाग लागू होत नाही.

दोष पॅकिंगचाच आहे का?

हेड उचलण्याआधी या प्रश्नाचे उत्तर मिळवणे आवश्यक आहे. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढावे, पाणी काठोकाठ भरावे आणि इंजिन सुरू करून पाण्याकडे पाहावे. सुरुवातीचे काही बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात. मात्र ते थांबत नसतील आणि रेस वाढवल्यावर अधिक जोराने येत असतील, तर सिलिंडरमधील दाब पाण्याच्या वाटेत शिरत आहे. झाकण लावून सुरू केलेल्या थंड इंजिनाचा वरचा होस पाइप पाणी तापण्याआधीच दगडासारखा कडक झाला, तरी अर्थ तोच आहे. इंजिन तापलेले असताना हे झाकण कोणत्याही कारणाने उघडू नये; उकळते पाणी थेट तोंडावर येते.

दोन शेजारच्या सिलिंडरांमधील पट्टी जळाली असेल, तर पाण्यात काहीही दिसत नाही. इंजिन फक्त दोन सिलिंडरांवर कमजोर पडते आणि सुरू व्हायला त्रास देते. अशा वेळी इंजिन मंद गतीवर ठेवून एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपचा नट किंचित ढिला करावा. ज्या सिलिंडरचा नट ढिला केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. असे दोन सिलिंडर शेजारी-शेजारी निघाले, तर संशय पक्का होतो. कॉम्प्रेशन गेज असेल, तर त्या दोघांचे आकडे इतरांपेक्षा बरेच खाली आणि एकमेकांच्या जवळ दिसतात. नट ढिला करताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि हात फवाऱ्यापासून दूर असावा, कारण डिझेलचा बारीक फवारा कातडीत घुसून गंभीर इजा करतो.

ऑइल दुधाळ झाले असेल, तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. वेट लायनरच्या इंजिनात लायनरभोवती थेट पाणी फिरते आणि ते खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या बुडाशी ऑइल साठते त्या भागात) उतरू नये म्हणून लायनरच्या खालच्या भागात रबराच्या रिंगा असतात. त्या कडक होऊन गळू लागल्या, तरी ऑइलमध्ये पाणी मिसळते, आणि मग वरचे पॅकिंग कितीही वेळा बदलले तरी गळती थांबत नाही. चेंबर उतरवून, रेडिएटर भरलेला ठेवून, खालून पाहिले तर कोणत्या लायनरच्या बुडातून थेंब येतो हे अनेकदा स्पष्ट दिसते. हेडला व्हॉल्व्हच्या सीटांमध्ये गेलेला तडा हाही तिसरा संशयित आहे.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेच्या काठावरील अनेक ट्रॅक्टर पाण्याखाली गेले होते. अशा ट्रॅक्टरच्या ऑइलमध्ये पाणी सापडले म्हणून पॅकिंग गेले असे समजू नये. पुरातून बाहेर काढलेले इंजिन स्टार्टर मारून फिरवू नये. आधी सर्व नोझल काढून, इंजिन हाताने फिरवून सिलिंडरमधील पाणी बाहेर काढावे. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे ते आत असताना स्टार्टर मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो.

हेड उतरवणे

इंजिन पूर्ण थंड असणे ही पहिली अट आहे. गरम हेडचे बोल्ट सोडल्यास ते वाकण्याची शक्यता वाढते, म्हणून रात्रभर उभे राहिलेले इंजिन सकाळी उघडावे. त्याआधी इंजिन बाहेरून स्वच्छ धुवावे. बॉनेटखाली अडकलेला उसाचा पाला, धूळ आणि जुने ग्रीस हेड उघडताच थेट सिलिंडरमध्ये पडते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि पाणी सोडावे. रेडिएटरचा नळ उघडला म्हणजे सर्व पाणी गेले असे नाही. ब्लॉकच्या बाजूलाही एक नळ किंवा प्लग असतो आणि तो बहुतेक वेळा क्षाराने बुजलेला असतो. त्यात तार घालून वाट मोकळी करावी लागते. हे केले नाही, तर हेड उचलताच ब्लॉकमधील पाणी बोल्टच्या छिद्रांत आणि सिलिंडरमध्ये उतरते.

मॅसी ३५ किंवा फोर्ड ३००० सारख्या मॉडेलमध्ये डिझेलची टाकी इंजिनाच्या वर असते, ती काढावी लागते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या नटांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. डिझेल पाइप काढताच नोझल, पंप आणि पाइप या तिघांचीही तोंडे स्वच्छ टोपणांनी बंद करावीत. कापसाचे बोळे किंवा दोरे सुटणारी फडकी येथे चालत नाहीत, कारण एक धागासुद्धा नोझलचे छिद्र बुजवतो. रॉकरकडे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांकडे) ऑइल नेणारी बारीक नळी असल्यास ती वाकू न देता सोडवावी.

रॉकर शाफ्ट काढल्यावर रॉकरला खालून ढकलणारे पुश रॉड एकेक करून थोडे फिरवत वर काढावेत. सरळ झटक्याने ओढले, तर पुश रॉड ज्यावर टेकतो तो खालचा टॅपेट सोबत उचलला जाऊन जागेवरून हलू शकतो. पुठ्ठ्याच्या तुकड्याला ओळीने भोके पाडून त्यांत पुश रॉड आणि हेड बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने खोचून ठेवावेत. सर्व हेड बोल्टांची लांबी सारखी नसते. लांब बोल्ट आखूड छिद्रात गेला, तर तो तळाला टेकतो, टॉर्क रेंच ठरलेला आकडा दाखवते आणि हेड मात्र दाबले गेलेले नसते.

बोल्ट ढिले करण्याचा क्रम आवळण्याच्या उलट असतो. बाहेरच्या टोकांपासून सुरुवात करून आलटून-पालटून मध्याकडे यावे आणि पहिल्या फेरीत प्रत्येक बोल्ट पाव ते अर्धा आटाच सोडावा. सर्व बोल्ट निघाल्यावरही हेड चिकटून राहिले, तर लाकडी हातोड्याने बाजूने ठोकावे. छिन्नी किंवा स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटू नये. त्याने पडलेला ओरखडा पुढच्या पॅकिंगच्या मुळावर येतो. तीन सिलिंडरचे लोखंडी हेडही एका माणसाच्या कंबरेला झेपणारे नसते, त्यामुळे दोघांनी सरळ वर उचलावे किंवा चेन पुली वापरावी. नोझल हेडमध्येच असतील, तर हेड पालथे ठेवू नये. नोझलची टोके पृष्ठभागाबाहेर आलेली असतात आणि हेडच्या वजनाने ती मोडतात.

जुने पॅकिंग वाचणे

या टप्प्यावर बहुतेक ठिकाणी जुने पॅकिंग भंगारात फेकले जाते. त्याऐवजी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहावे. प्रत्येक सिलिंडरच्या छिद्राभोवती पत्र्याची कडी असते. जिथून दाब निसटला, तिथे ती कडी जळून पातळ झालेली किंवा तुटलेली असते आणि तिच्यापासून पाण्याच्या छिद्रापर्यंत काजळीचा काळा पट्टा गेलेला दिसतो. पट्टा दोन सिलिंडरांच्या मधोमध असेल, तर हेड किंवा ब्लॉक त्या जागी खोल गेला असण्याची शक्यता अधिक. पत्र्याची कडी एका सिलिंडरभोवती नीट दाबली गेली आहे, पण शेजारच्या सिलिंडरभोवती तिच्यावर दाब पडल्याची खूणच नाही, असे दिसले तर तो लायनर खाली बसलेला आहे. गंजाचा तांबूस ओघळ कडेकडे गेलेला असेल, तर त्या बाजूचे बोल्ट ढिले होते किंवा आट्यांतून पाणी झिरपत होते. पॅकिंगवरील ही खूण आणि हेडवरील तीच जागा खडूने मिळवून ठेवावी, म्हणजे पुढे मोजमाप घेताना कुठे बारकाईने पाहायचे ते ठरते.

जुन्या काळातील पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. त्याची धूळ फुप्फुसांत गेल्यास वर्षानुवर्षांनी आजार होतात. त्यामुळे असे पॅकिंग कोरडे खरवडू नये, ग्राइंडरला वायर ब्रश लावून उडवू नये आणि एअर मारून झटकू नये. ते पाण्याने ओले करून हाताने सोडवावे, तोंडाला चांगला मास्क लावावा आणि तुकडे पिशवीत बंद करावेत. तांबे-ॲस्बेस्टॉसचे जुने पॅकिंग भट्टीत लाल करून पुन्हा वापरण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती या दुहेरी कारणाने सोडून द्यावी: आतील भराव एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, आणि त्याची धूळ उडते ती वेगळीच.

पृष्ठभाग तपासणे

सिलिंडरांत स्वच्छ कापड आणि बोल्टच्या व पाण्याच्या छिद्रांत कागदाचे बोळे घालून ब्लॉकचा पृष्ठभाग पितळी पट्टीने स्वच्छ करावा. पिस्टनच्या कडेच्या फटीत ग्रीसचा पातळ थर दिल्यास पडणारा कचरा त्यात अडकतो आणि नंतर पुसून काढता येतो. ग्राइंडरला लावलेल्या पॉलिशच्या चकत्या वापरू नयेत. त्यांची रेती ऑइलमध्ये मिसळली, तर बेअरिंगा थोड्याच दिवसांत खराब होतात.

यानंतर चांगली, खात्रीची स्टीलची सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घ्यावे. पट्टी लांबीच्या दिशेने दोन्ही कडांवर आणि मध्यावर, मग आडवी प्रत्येक दोन सिलिंडरांच्या मधल्या जागेवर आणि शेवटी दोन्ही कर्णांवर उभी धरून फिलरचे पाते तिच्याखाली जाते का ते पाहावे. मर्यादा मॉडेलनुसार बदलते, पण लांबीच्या दिशेने साधारण ०.१५ मि.मी. आणि आडव्या दिशेने साधारण ०.०८ मि.मी. यापेक्षा जास्त फट असेल, तर फेसिंग करावेच लागते. हीच तपासणी ब्लॉकवरही करायची असते आणि नेमकी तीच टाळली जाते. हेड उचलून फेसिंगला नेणे सोपे आहे. ब्लॉक ट्रॅक्टरच्या सांगाड्याचाच भाग असल्यामुळे तो सपाट आहे असे गृहीत धरणे सर्वांना सोयीचे वाटते.

बोल्टच्या छिद्रांच्या तोंडाशी ब्लॉकचे लोखंड वर ओढले जाऊन बारीक उंचवटा तयार झालेला असतो. बोटाचे टोक हलक्या हाताने फिरवले की तो जाणवतो. मोठ्या ड्रिल बिटने हाताने फिरवून छिद्राचे तोंड किंचित तासले, की तो उंचवटा निघतो. तो राहिला, तर हेड बोल्टभोवती आधी टेकते आणि सिलिंडरभोवती दाब कमी पडतो.

लायनर असलेल्या इंजिनात लायनरची कड ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किती वर आहे ते डायल गेजने मोजावे. बहुतेक वेट लायनरच्या इंजिनांत ती शतांश मिलिमीटरच्या हिशेबात थोडी वर असणे आवश्यक असते, कारण पॅकिंगच्या कडीवर दाब तिच्यामुळेच येतो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. एकाच हेडखालील शेजारच्या दोन लायनरांच्या उंचीत ०.०५ मि.मी. पेक्षा जास्त फरक असेल, तर हेड कितीही सपाट केले तरी उपयोग होत नाही. अशा वेळी लायनर काढून त्याखालची बैठक साफ करावी लागते किंवा शिम (पातळ पत्र्याची कडी) द्यावी लागते. फोर्ड ३००० सारख्या, ब्लॉकमध्येच सिलिंडर असलेल्या इंजिनात हा प्रश्न येत नाही.

हेड फेसिंगला देताना आधी त्याची प्रेशर टेस्ट करून घ्यावी. तडा गेलेल्या हेडवर फेसिंगचा खर्च करण्यात अर्थ नाही. इंजिन उकळले असताना रेडिएटरमध्ये विहिरीचे थंड पाणी ओतल्याचा इतिहास असेल, तर तडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव परिसरात ही दोन्ही कामे करणारी मशीन शॉप सहज सापडतात. प्रश्न असतो तो नेमके काय सांगायचे हा. पृष्ठभाग सपाट होण्यापुरतेच लोखंड काढावे, काढलेली जाडी लिहून द्यावी आणि फेसिंगनंतर व्हॉल्व्ह हेडच्या पृष्ठभागापासून किती आत आहेत ते मोजून द्यावे, अशा तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. डिझेल इंजिनात पिस्टन आणि हेड यांच्यातील अंतर फार कमी असते. हेड बरेच घासले गेले आणि व्हॉल्व्ह आत घेतले नाहीत, तर ते पिस्टनला लागतात. नोझलचे टोकही त्या प्रमाणात अधिक बाहेर येते, म्हणून नोझलखालच्या तांब्याच्या वॉशरची जाडी मूळ मापाचीच ठेवावी आणि वॉशर नवे घ्यावेत.

बोल्ट आणि त्यांची छिद्रे

प्रत्येक बोल्ट वायर ब्रशने साफ करून एकमेकांशेजारी उभा करावा. त्याच लांबीच्या इतर बोल्टांपेक्षा जो लांब दिसतो किंवा ज्याची कंबर आट्यांच्या वर बारीक झाली आहे, तो ताणला गेलेला आहे, तो बदलावा. नवा बोल्ट त्याच इंजिनाचा किंवा डोक्यावर तोच ग्रेड असलेला घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानातील साधा बोल्ट मापाला बसला, तरी तो तेवढा ताण धरत नाही.

ब्लॉकमधील छिद्रांत टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) हलक्या हाताने फिरवून मळ काढावा. त्यासाठी नवा धारदार टॅप शक्यतो वापरू नये, कारण तो मळाबरोबर लोखंडही कापतो. जुन्याच एका बोल्टला उभ्या दोन-तीन खाचा मारून त्यानेच आटे साफ करणे अधिक सुरक्षित आहे. त्यानंतर तळ बंद असलेल्या छिद्रांतील पाणी आणि ऑइल पूर्ण काढावे. बंद छिद्रात द्रव राहिला आणि त्यात बोल्ट आवळला, तर त्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. याउलट जी छिद्रे आरपार जाऊन पाण्याच्या वाटेत उघडतात, त्यांतील बोल्टच्या आट्यांना सीलंट लावावे लागते. कोणते छिद्र कोणत्या प्रकारचे आहे, हे तार घालून पाहिले की समजते.

टॉर्कचा हिशेब

टॉर्क रेंच बोल्टवरील ताण मोजत नाही, बोल्ट फिरवायला लागलेला जोर मोजते, हे समजून घेतल्यास पुढील सर्व सूचनांचा अर्थ लागतो. त्या जोरापैकी जवळपास निम्मा बोल्टच्या डोक्याखालील घर्षणात आणि त्याहून थोडा कमी आट्यांतील घर्षणात खर्च होतो. हेड दाबण्यासाठी उरतो साधारण दहावा भाग. म्हणजे आटे गंजलेले आणि कोरडे असतील, तर टॉर्क रेंच ठरलेल्या आकड्यावर टक्क वाजते आणि हेडवरील दाब मात्र बराच कमी राहतो. उलट, मॅन्युअलमधील आकडा कोरड्या आट्यांसाठी असताना ग्रीस फासले, तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचा हलका हात द्यायचा असतो. मॅन्युअल वेगळे सांगत असेल, तर तेच पाळावे आणि सर्व बोल्टांना सारखेच वागवावे.

एककांचा गोंधळ हा दुसरा धोका आहे. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे फूट-पौंडात किंवा किलोग्रॅम-मीटरमध्ये छापलेले असतात, तर बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच रेंचवर न्यूटन-मीटर ठळक असते. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर किंवा ७.२३ फूट-पौंड. फोर्ड ३००० च्या हेड बोल्टांना ११० फूट-पौंड, म्हणजे सुमारे १४९ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. कोणी रेंच ११० न्यूटन-मीटरवर लावली, तर एक चतुर्थांशाहून थोडा जास्त टॉर्क कमी पडतो आणि पॅकिंग पहिल्याच चढावर जाते. मॅसी ३५ मधील पर्किन्सच्या तीन सिलिंडर इंजिनाच्या हेड नटांना मात्र सुमारे ६० फूट-पौंड, म्हणजे ८१ न्यूटन-मीटर पुरतो. दोन्ही इंजिने तीन सिलिंडरची आहेत, तरी आकड्यांत जवळपास दुपटीचा फरक आहे. म्हणून ‘तीन सिलिंडरला एवढा’ अशी ऐकीव मापे निरुपयोगी ठरतात. आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवणे आणि त्यातील इंजिन क्रमांक आपल्या इंजिनाशी जुळतो का ते पाहणे, याला पर्याय नाही.

रेंचच्या बाबतीत थोडी शिस्त पाळावी. ती बोल्ट सोडण्यासाठी वापरू नये, तिच्या दांड्याला पाइप घालून लांबी वाढवू नये, मुठीच्या मध्यावर धरून सलग ओढावी आणि टक्क आवाज येताच थांबावे. काम झाल्यावर तिची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर सोडून ठेवावी. काटा आणि पट्टी असलेली साधी टॉर्क रेंच दिसायला जुनाट असली, तरी तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. गावात एकच क्लिकची रेंच दहा हातांतून फिरत असेल, तर मी या साध्या रेंचवर अधिक विश्वास ठेवीन.

पॅकिंग बसवणे आणि आवळणे

नवे पॅकिंग ब्लॉकवर ठेवून प्रत्येक छिद्र जुळते का ते आधी पाहावे. त्यावर ‘टॉप’ किंवा ‘फ्रंट’ असा शिक्का असेल, तर तो पाळावा. उलटे बसलेले पॅकिंग रॉकरकडे जाणारे ऑइलचे छिद्र बुजवू शकते. पॅकिंगमधील पाण्याची काही छिद्रे ब्लॉकच्या छिद्रांपेक्षा मुद्दाम लहान ठेवलेली असतात, कारण कोणत्या सिलिंडरला किती पाणी जावे हे त्यांवरून ठरते. ती चूक समजून पोगराने मोठी करू नयेत. पॅकिंगच्या पाकिटावर किंवा मॅन्युअलमध्ये स्पष्ट सांगितले नसेल, तर पॅकिंग कोरडेच बसवावे. शेलॅक, ग्रीस किंवा सिलिकॉन लावल्याने पॅकिंग पक्के होते हा समज चुकीचा आहे. सिलिकॉनचा बाहेर आलेला तुकडा ऑइलच्या वाटेत अडकला, तर रॉकर कोरडे पडतात.

स्टड (ब्लॉकमध्ये बसवलेले, वर नट लागणारे आटेदार दांडे) नसलेल्या इंजिनात दोन जुन्या बोल्टांची डोकी कापून ते समोरासमोरच्या छिद्रांत उभे करावेत, म्हणजे हेड सरळ खाली उतरते आणि पॅकिंग सरकत नाही. हेड बसल्यावर पुश रॉड आपापल्या जागी टॅपेटच्या वाटीत बसले आहेत का ते पाहावे, रॉकरवरील टॅपेटचे स्क्रू आधी ढिले करावेत आणि मग रॉकर शाफ्ट चढवावा. काही मॉडेलमध्ये रॉकरचे बोल्टच हेड बोल्ट असतात. तिथे हे एकाच वेळी करावे लागते.

सर्व बोल्ट हाताने टेकेपर्यंत फिरवावेत. मग मॅन्युअलमधील आकृती पाहून हेडवर खडूने क्रमांक लिहावेत. आकृती नसेल, तर मध्यापासून सुरुवात करून आलटून-पालटून दोन्ही बाजूंनी बाहेर जाणारा क्रम धरावा. पत्र्याचा फुगवटा मध्यातून कडेकडे ढकलत न्यावा, तसे पॅकिंग मध्यातून बाहेर दाबत न्यायचे असते. एकदम शेवटच्या आकड्यावर जाऊ नये. मॅन्युअलने टप्पे दिले असतील, तर तेच घ्यावेत. नसतील, तर अंतिम टॉर्कच्या साधारण एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश आणि मग पूर्ण अशा तीन फेऱ्या माराव्यात. प्रत्येक फेरीत तोच क्रम पाळावा. पूर्ण टॉर्क झाल्यावर त्याच क्रमाने आणखी एक फेरी मारली, की आधी आवळलेले बोल्ट पॅकिंग दबल्यामुळे थोडे फिरताना आढळतात. एखादा बोल्ट आकडा न गाठता मऊ लागून फिरतच राहिला, तर थांबावे: आटे निसटत आहेत किंवा बोल्ट ताणला जात आहे, आणि ‘थोडे अजून’ म्हणत राहिल्यास ब्लॉकमधील आटे जातात.

पहिला स्टार्ट आणि पुन्हा आवळणे

टॅपेटचे अंतर (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातील फट) मॅन्युअलप्रमाणे लावून, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. कुठे अडते का ते पाहूनच स्टार्टरकडे जावे. ऑइलमध्ये पाणी मिसळलेले होते, तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत आणि थोडा वेळ चालवून तेही ऑइल पुन्हा काढावे. रेडिएटर हळूहळू भरावा. कूलंट परवडत नसेल, तर निदान क्षाराचे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी टाळावे, कारण वाट अरुंद करणारा तोच क्षार हेड तापवतो. फिल्टरपासून पंपाकडे आणि शेवटी नोझलच्या नटांकडे अशा क्रमाने डिझेलमधील एअर काढावी. इंजिन सुरू झाल्यावर रॉकरवर ऑइल पोहोचले याची खात्री करावी आणि वरचा होस पाइप गरम होईपर्यंत मध्यम गतीवर, बोजा न देता चालवावे.

जुन्या पद्धतीचे जाड पॅकिंग उष्णतेने दबते, त्यामुळे ते पुन्हा आवळावे लागते. हे काम गरम इंजिनावर करायचे की थंड, आणि मुळात करायचे का, हे पॅकिंगच्या पाकिटावर किंवा मॅन्युअलमध्ये पाहावे. काही नव्या पॅकिंगना ते लागत नाही. आवळताना नुसती रेंच लावून टक्क आवाज आला म्हणून समाधान मानू नये. थांबलेल्या बोल्टला चिकटलेले घर्षण सोडवावे लागते, म्हणून एका वेळी एकच बोल्ट सुमारे पाव आटा ढिला करून तो पुन्हा पूर्ण टॉर्कवर आणावा आणि मग पुढच्या क्रमांकाकडे जावे. हेड थोडे खाली बसल्यामुळे टॅपेटचे अंतर बदलते, म्हणून प्रत्येक वेळी तेही पुन्हा लावावे. कामावर लावल्यानंतर साधारण २५ ते ५० तासांनी हीच फेरी पुन्हा मारण्याची सूचना अनेक जुन्या मॅन्युअलमध्ये असते.

ज्या कारणाने इंजिन तापले, ते तसेच राहू देऊ नये. फडातून पाला ओढणाऱ्या आणि चुलवाणाजवळ चिपाडाच्या भुशात उभे राहून चरक चालवणाऱ्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीत भुसा घट्ट बसतो. तो पंख्याच्या बाजूने पुढे एअर मारून काढावा. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून फेकणे हा इंजिन थंड ठेवण्याचा उपाय नाही, कारण त्यामुळे पाणी नीट तापत नाही आणि हेडच्या निरनिराळ्या भागांत तापमानाचा फरक वाढतो. थर्मोस्टॅट गरम पाण्यात बुडवून उघडतो का ते पाहावे आणि बिघडलेला असल्यास बदलावा. रेडिएटरच्या झाकणाचे रबर कडक झाले असेल, तर झाकणही नवे घ्यावे, आणि गगनबावड्याच्या घाटात किंवा भरल्या ट्रॉल्यांखाली जाण्याआधी पहिले दोन-तीन दिवस ट्रॅक्टर हलक्या मशागतीवर ठेवून रोज सकाळी थंड इंजिनात पाण्याची पातळी पाहावी.